नळवाल्या मिस्तरींची वसुली

मिस्तरींना नळ ऐकू यायचे. कुणाच्या घरी गेलं की आपल्याला आधी माणसं दिसतात, मिस्तरी उंबऱ्यातच थबकायचे आणि म्हणायचे, "मागच्या मोरीत टपकतंय." आणि टपकत असायचं. तीस वर्षं लोकांच्या टाक्यांखाली आणि बेसिनखाली आडवं पडून काढली. गुडघे कामातून गेले, पण कान शाबूत होते. कामाला वाघ माणूस. भर थंडीत टाकीत उतरेल, तुंबलेल्या गटारात कोपरापर्यंत हात घालेल, तोंड वाकडं करणार नाही. पण काम झालं, हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि घरमालकानं विचारलं, "मिस्तरी, किती झाले?" की या वाघाची शेळी व्हायची. "द्या हो सावकाश, कुठं पळून जाताय," असं जमिनीकडे बघत पुटपुटायचं आणि जिना उतरायचा.

आता असं म्हटल्यावर कोण मागे धावत येऊन पैसे देईल, तुम्हीच सांगा. लोक वाईट नसतात हो. विसरतात. गळती थांबली की गळती थांबवणाराही विसरला जातो.

हे सगळं त्यांच्या बायकोनं लग्नानंतर दोन महिन्यांत ओळखलं. सगळा भाग त्यांना मिस्तरीणबाई म्हणायचा, तर आपणही तेच म्हणू. त्यांनी एक लांबट वही केली. संध्याकाळी नवरा जेवायला बसला की विचारायचं: आज कुठं गेला होता, कितवा मजला, काय केलं, किती झाले, किती मिळाले. शेवटच्या रकान्यात "राहिले". आणि रविवारी सकाळी दहाला वही पिशवीत घालून बाई वसुलीला बाहेर पडायच्या. भांडणबिंडण काही नाही. दार उघडलं की म्हणायच्या, "नळ बरा चाललाय ना?" समोरचा हो म्हणायचा. मग आकडा सांगायचा आणि उभं राहायचं. आत बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. बाई पैशांशिवाय हलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं, त्यामुळे काही जण बाईंचा आवाज जिन्यात आला की पाकीटच काढून ठेवायचे.

या रविवारच्या पैशांवर घराचा हप्ता जायचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे जराशी मोकळी जागा, तळमजला. पंधरा वर्षांचं कर्ज, त्यातली अकरा फिटलेली. महिन्याच्या पाच तारखेला चौदा हजार दोनशे. मूलबाळ झालं नव्हतं. त्याचं दुःख करून झालं होतं आणि मग दोघांनी हे घर घेतलं होतं. बाईंनी सगळी बिलं बँकेतून परस्पर जातील अशी सोय करून ठेवली होती. "पैसा हातात आला की हाताचं ऐकतो, माझं नाही," असं त्या म्हणायच्या. मिस्तरींना हप्ता किती म्हणून विचारलं असतं, तर त्यांनी, खरंच सांगतो, "तिला विचारा" असंच म्हटलं असतं.

आणि मग बाईंना दम लागायला लागला.

आधी वाटलं वय झालं. मग वाटलं वजन वाढलंय. वसुली बाराला आटपायची ती दोनला आटपू लागली. पुढं रविवार रिकामेच जाऊ लागले; बाई निम्म्या घरांना जाऊन परत यायच्या आणि म्हणायच्या, "नव्हते घरी." पायांवर सूज आली. एका पहाटे त्यांना आडवंच होता येईना. बसून, खिडकीचे गज धरून श्वास घेत होत्या. मिस्तरींनी शेजारच्या रिक्षावाल्याला उठवलं आणि इस्पितळ गाठलं. फुप्फुसांत पाणी साठलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं की हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त पुढं जायच्या ऐवजी थोडं मागे येतं, म्हणून ही सगळी भानगड. असल्या वेळी बाकीचे नातेवाईक नुसती मान हलवतात. मिस्तरींना मात्र सगळं कळलं.

"म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला," ते म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले.

"नुसता वॉशर बदलून भागेल, की अख्खा व्हॉल्व्हच?"

"अख्खा."

"टिकेल किती?"

"बारा-पंधरा वर्षं धरा."

"पितळीलाही इतकी गॅरंटी कुणी देत नाही," मिस्तरी म्हणाले, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसले.

ऑपरेशन लगेच होणार नव्हतं. आधी पाणी उतरवायचं, अंगात ताकद आणायची, मग पुढच्याच्या पुढच्या महिन्यात दहा तारखेला. खर्च चार लाख. पण बाईंनी बारा वर्षांपूर्वी दोघांची आजारपणाची पॉलिसी काढून ठेवली होती. ती खर्च देणार होती. म्हणून पैशाचा घोर नव्हता. निदान नसायला हवा होता.

बाई वॉर्डात होत्या तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या हातात बँकेचं कार्ड आणि पासबुक दिलं. "माझा फोन बंद करून कपाटात ठेवा, बोलायला दम नाही. आणि बँकेचं तुम्ही काही करू नका. सगळं आपोआप जातं."

काही करू नका, हे ज्या माणसानं आयुष्यात कधी स्वस्थ बसून पाहिलं नाही त्याला सांगायचं. वॉर्डात बायको नळ्या लावून पडलेली, आपण बाकावर बसून भिंत बघायची, हे मिस्तरींना सोसवेना. अठ्ठावीस तारखेला ते बँकेत गेले, पासबुक छापून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. वीज. गॅस. फोन. हप्ता. आणखी दोन-तीन काही. एकेका तारखेला पैसे निघून चालले होते, कुणी न मागता, कुणी न देता. ही तर गळती.

आता त्यांच्या धंद्यातला पहिला नियम असा, की गळती दिसली आणि कुठून आहे ते कळेना, तर आधी मेन कॉक बंद करायचा. मग एकेक नळ उघडून बघायचा. तीस वर्षांत हा नियम त्यांना कधी नडला नव्हता. ते खिडकीवर गेले आणि तिथल्या मुलीला म्हणाले, "सगळं आपोआप जाणं बंद करा. मी स्वतः बघून एकेक भरीन."

मुलीनं दोनदा विचारलं, "नक्की सगळंच?" खातं जोड होतं, दोघांपैकी कुणाचीही सही चालायची. मिस्तरींनी ठसठशीत सही केली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बाजूच्या एका खात्यात साठ हजार दिसले. "हे असे नुसते पडून आहेत?" मुलगी म्हणाली, घराच्या कर्जात भरलेत तर व्याज वाचेल. खोटं काही बोलली नाही बिचारी. मिस्तरींनी मनाशी हिशेब केला: साठ हजार म्हणजे चार हप्ते होऊन वर थोडे उरतात. चार महिने हप्त्याची चिंता नाही, बायकोनं निवांत बरं व्हावं. भरले. बँकेच्या पायऱ्या उतरताना त्यांची छाती दोन इंच फुगली होती. बाईंना मात्र सांगितलं नाही. घरी आल्यावर सांगू, खूश होईल, असं ठरवलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार तारखेला बाई घरी आल्या. तीन उशा पाठीला लावून बसायचं, मोजून पाणी प्यायचं, न्हाणीपर्यंत चाललं तरी धाप. बारा तारखेला मिस्तरींच्या फोनवर बँकेतून कुणीतरी बोललं, या महिन्याचा हप्ता आलेला नाही. मिस्तरी तडक बँकेत.

"अहो ताई, मी साठ हजार भरलेत. चार हप्ते."

"ते मुद्दलात गेले, काका. तुमचं कर्ज कमी झालं, सहा महिने लवकर फिटेल. पण हप्ता दर महिन्याचा दर महिन्याला."

"मग त्यातला एक हप्ता काढून घ्या."

"निघत नाही तसा."

"माझेच पैसे आहेत ना ते?"

"आता ते तुमच्या घरात आहेत," मुलगी म्हणाली.

मिस्तरींनी चालू कामांचे जे काही पैसे हातात होते ते, आणि खात्यात तळाला होतं ते, असं सगळं खरवडून हप्ता भरला, वर दंड भरला. घरी येऊन "बँकेत गर्दी होती" एवढंच म्हणाले. वीज, गॅस, फोन त्यांनी एकेक करून भरले. एक नाव मात्र त्यांनी उघडलंच नाही. तीन तारखेचं, वर्षातून एकदाच, एकवीस हजार सहाशे. नाव तुटक इंग्रजी अक्षरांचं. कामावर कुणीतरी सांगितलं होतं की आजकाल चोर असेच बँकेतून परस्पर पैसे उडवतात. मिस्तरींना वाटलं, बरा सापडला. एक चोर आपण दारातच अडवला याचं त्यांना मनातून फार बरं वाटलं होतं.

तीस तारखेला ते ऑपरेशनचे कागद घेऊन इस्पितळाच्या काउंटरवर गेले. तिथल्या माणसानं पॉलिसीचा नंबर टाकला, चष्मा वर केला, परत टाकला.

"ही चालू नाही."

"असं कसं होईल?"

"तीन तारखेला नूतनीकरण होतं. पैसे भरले गेले नाहीत." त्यानं स्क्रीन फिरवून दाखवला. त्यावर तीच तुटक अक्षरं होती.

नळवाल्याच्याच तोंडचं पाणी पळालं. काउंटरवरचा माणूस भला होता. त्यानं समजावून सांगितलं. तीस दिवसांची सवलत असते. तीन तारखेला कार्यालय बंद व्हायच्या आत, म्हणजे चारपर्यंत, भरलेत तर जुनी पॉलिसी तशीच चालू राहील आणि दहाचं ऑपरेशन तिच्यात होईल. चार वाजून गेले, की नवी पॉलिसी काढावी लागेल, आणि नवी पॉलिसी जुन्या दुखण्याला तीन वर्षं हात लावत नाही.

"आणि ऑपरेशन तीन वर्षं पुढं ढकललं तर?" मिस्तरींनी विचारलं. त्या माणसानं दुसऱ्याचा कागद हातात घेतला.

मिस्तरी घरी चालत आले. रिक्षाला पैसे होते, पण सुचलं नाही. खात्यात नऊशे रुपये. चार लाख उभे करायचे म्हणजे घर विकायचं, आणि घर विकून बँकेचं देऊन हातात पैसे पडेपर्यंत दहा तारीख कुठल्या कुठं. या सगळ्यात त्यांना पाइपच्या दुकानाचा मालक आठवला. तो वस्तू ठेवून घेऊन पैसे द्यायचा. मिस्तरींकडे पाइपला आटे पाडायचं मशीन होतं, चांगलं, वजनदार, बारा वर्षं जपलेलं. ते त्यांनी पोत्यात घातलं आणि दाराकडे निघाले.

"मशीन कुठं निघालं?" आतून आवाज आला.

"कामाला लागतंय."

"उद्या-परवा कुठलं मोठं काम आहे असं तुम्ही बोलला नाहीत."

मिस्तरींना खोटं बोलायची सवय नव्हती. एक वाक्य जमायचं, दुसऱ्याला अडखळायचे. पोतं तिथंच ठेवून ते पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. मेन कॉक, साठ हजार, दंड, चोर. सांगताना एकदाही वर बघितलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाईंना त्रास होऊ द्यायचा नाही, आणि आपण काय करतोय हे मिस्तरींना कळत होतं.

बाईंनी पाठीमागची उशी सरळ केली.

"ते साठ हजार आजारपणाचे ठेवले होते," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं साठवले."

"मला काय माहीत?"

"विचारायचं."

"तूच म्हणालीस बोलायला दम नाही."

"बँकेचं काही करू नका, एवढं म्हणायला होता." मग थांबून म्हणाल्या, "किती दिवस राहिलेत?"

"आज धरून चार."

"मशीन जागेवर ठेवा. ते गेलं तर पुढचे हप्ते कशावर? दुकानदाराकडे उसने मागायची लाज वाटत नाही, आणि आपलेच मागायची वाटते? वही काढा."

वहीत अडतीस हजार चारशे राहिलेले निघाले. सत्तावीस घरं. चार महिन्यांत बाईंचा एकही रविवार नीट पार पडला नव्हता आणि मिस्तरींनी त्या काळात कुणाकडून एक पैसा मागितला नव्हता. बाईंनी पेन्सिलीनं अकरा नावांवर खुणा केल्या. हे मागितलं की देतात.

"दारात उभं राहायचं," त्या म्हणाल्या. प्रत्येक वाक्याला थांबत होत्या. "आत बसायचं नाही. चहा नाही. आकडा सांगायचा आणि गप्प राहायचं. तुम्ही बोललात की तुम्हीच सूट देता."

त्या दिवशी मिस्तरी तीन घरी गेले. पहिल्या घरी शिंपीदादा. मिस्तरी म्हणाले, "हजार होते, पण तुम्हाला अडचण असेल तर पाचशे द्या." शिंपीदादांना अडचण कसलीच नव्हती, पण एवढं आयतं कोण सोडतं? पाचशे दिले. दुसऱ्या घरच्या काकू म्हणाल्या, "बरे आलात, न्हाणीतला शॉवर बघता का?" मिस्तरींनी पाऊण तास शॉवर बघितला. तिसऱ्या घरी चहा घेतला. संध्याकाळी वहीत एकोणीसशे लिहिले गेले.

"आणि किती नळ फुकट दुरुस्त केले?" बाईंनी विचारलं.

"शॉवर. आणि एक बेसिन."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "बाहेर जा. मी घरमालक आहे. दार वाजवा आणि मागा."

"काहीतरीच काय."

"जा म्हणते ना."

छप्पन्न वर्षांचा माणूस स्वतःच्याच घराबाहेर गेला आणि त्यानं दार वाजवलं.

"कोण?"

"मी... मिस्तरी. ते सातशे झाले होते."

"झाले होते नाही. सातशे द्या."

"सातशे द्या."

"पुढच्या महिन्यात चालेल का?" बाईंनी घरमालकाच्या आवाजात विचारलं.

"चालेल," मिस्तरी म्हणाले. बाईंना हसू आलं, हसण्यानं धाप लागली, आणि मिस्तरी पळत आत येऊन पाठीवर हात फिरवत बसले. धाप बसल्यावर त्यांनी मिस्तरींना पुन्हा बाहेर पाठवलं. असं पाच वेळा. पाचव्या वेळी मिस्तरी गप्प राहिले.

एक तारखेला जरा बरं झालं. बेकरीवाल्याकडे भट्टीमागच्या लाइनचे साडेचार हजार होते. मिस्तरींनी आकडा सांगितला आणि तोंड बंद ठेवलं. जीभ दातांखाली धरली होती म्हणाना. बेकरीवाला म्हणाला, "अरेच्चा, मला वाटलं दिले," आणि गल्ला उघडून मोजले. एवढंच. इतकी वर्षं ज्याला भ्यायलो ते एवढंच होतं हे बघून मिस्तरींना आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला, स्वतःचा. त्या दिवशी नऊ हजार तीनशे आले. दोन तारखेला सात हजार सातशे. एका घरानं दार उघडलं नाही, एकानं हात जोडले, एकाची बायको बाळंत झाली होती म्हणून मिस्तरीच मागे फिरले. तीन दिवसांचे मिळून अठरा हजार नऊशे. खात्यातल्या नऊशेंतून सकाळी औषधं आणली होती. सत्तावीसशे कमी पडत होते.

खुणेच्या नावांत एकच उरलं होतं. फोटोवाला, जुन्या इमारतीत चौथा मजला, बत्तीसशे. सगळ्या नळ्या नव्या टाकून दिल्या होत्या, सव्वा वर्षापूर्वी. तीन तारखेला दोनदा दुकानात जाऊन मिस्तरी हात हलवत परत आले; दुपारी जेवायला घरी येतो असं कळलं. पावणेतीनला ते त्या इमारतीच्या जिन्याशी होते.

जिना अरुंद आणि चढा. दुसऱ्या मजल्यावर वळणाशी त्यांचे गुडघे बोलायला लागले. तिथं भिंतीला लागून एक लाकडी खुर्ची ठेवली होती, वर चपटी गादी. मिस्तरी टेकले. लगेच समोरचं दार उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई बाहेर डोकावल्या. शिकवण्या घ्यायच्या त्या. मिस्तरींनी त्यांचा गीझर एकदा लावला होता.

"मला वाटलं त्याच आल्या," म्हातारबाई म्हणाल्या.

"कोण त्या?"

"तुमची बायको हो. त्यांच्यासाठीच ठेवलीये खुर्ची. कशी आहे तब्येत? बरेच दिवस दिसल्या नाहीत."

मिस्तरींना काही उमगेना. म्हातारबाई सांगत राहिल्या, सहज, दुसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं. गेल्या वर्षी दर रविवारी यायच्या फोटोवाल्याकडे. आधी चारी मजले चढायच्या. मग इथं पायरीवर बसायला लागल्या, कठडा धरून, ओठ अगदी निळे. मी म्हटलं आत या, तर आत येत नसत. म्हणायच्या, वसुलीला आलेय, बसले तर उठवणार नाही. मग मी खुर्चीच बाहेर काढली. शेवटी शेवटी इथपर्यंतच यायच्या. अर्धा तास बसायच्या, वर बघायच्या आणि खाली उतरायच्या. मी म्हणायचे, नवऱ्याला का पाठवत नाही? तर म्हणायच्या, त्यांना नाही जमत ते.

मिस्तरी खुर्चीवरून उठले. बसवेनाच. नव्हते घरी, असं ती म्हणायची. सगळेच्या सगळे रविवार घरी नव्हते. आणि आपण जेवताना म्हणायचो, असू दे, पुढच्या रविवारी.

उरलेले दोन मजले ते कसे चढले त्यांचं त्यांना आठवत नाही. फोटोवाल्यानं घास चावत दार उघडलं.

"बत्तीसशे," मिस्तरी म्हणाले.

"मिस्तरी, असं एकदम? संध्याकाळी दुकानात या ना."

मिस्तरी गप्प. बाईंनी शिकवलं म्हणून नव्हे; तोंड उघडलं असतं तर शब्द निघालाच नसता. डोळ्यांतून पाणी खाली उतरत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. फोटोवाल्यानं चावणं थांबवलं. आत गेला, पाकीट घेऊन आला, मोजले, दिले. "उशीर झाला, माफ करा," म्हणाला. मिस्तरींनी मान हलवली आणि ते जिना उतरले.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी पॉलिसीच्या कार्यालयात एकवीस हजार सहाशे भरले गेले. त्यात वीस-वीसच्या नोटा बऱ्याच होत्या. मोजणाऱ्या मुलीनं कपाळाला आठ्या घातल्या. पाच तारखेच्या हप्त्याला मिस्तरी चार तारखेला पुन्हा बाहेर पडले, आणि खूण नसलेल्या घरांनाही गेले. सगळं नाही, पण बरंचसं जमलं. उरलेलं त्या आठवड्याच्या कामातून एक दिवस उशिरा, थोडा दंड लागून गेलं. बँकेत जाऊन त्यांनी सगळी आपोआप जाणारी बिलं पुन्हा चालू करून घेतली. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "नक्की सगळीच?" मिस्तरी म्हणाले, "सगळीच. आणि मी परत आलो तर मला हाकलून द्या."

दहाला ऑपरेशन झालं. साडेचार तास. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "मिस्तरी, एक थेंब मागे येत नाही." मिस्तरींनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि सोडायचे विसरले.

तीन आठवड्यांनी बाई घरी बसून वही बघत होत्या. छातीवर पट्टी होती, पण पाठीला एकच उशी होती. मिस्तरींनी इतके दिवस पोटात ठेवलेलं त्या संध्याकाळी बाहेर आलं.

"फोटोवाल्याच्या जिन्यात खुर्ची आहे," ते म्हणाले.

बाईंनी वहीतून डोकं वर केलं नाही. "बोलल्या वाटतं."

"ओठ निळे व्हायचे, म्हणाल्या. मला सांगायचं नाहीस? मी काय परका होतो? तू मेली असतीस त्या जिन्यात, आणि मी कुणाच्या तरी बेसिनखाली पडलेलो असतो."

"हप्ता होता."

"खड्ड्यात गेला हप्ता."

"खड्ड्यात नाही, यात गेला," बाईंनी बोटानं भिंत दाखवली. मग वही मिटली, आणि पहिल्यांदाच सरळ नवऱ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, एखादा आकडा बरोबर आहे ना, हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मी सांगितलं असतं की मला जिना चढवत नाही, तर तुम्ही काय म्हणाला असता? जाऊ दे, नको जाऊस, म्हणाला असता. ते ठाऊक आहे मला. पण माझ्या जागी तुम्ही गेला असतात का?"

मिस्तरींनी उत्तर शोधलं. बाई थांबल्या होत्या, काही न बोलता.

"नसतो गेलो," मिस्तरी म्हणाले.